‘वादातून’: खैरलांजीची बातमी आणि एक प्रत्यय

पत्रकारितेच्या पदविका वर्गाला मी बातमीलेखन शिकवतो. सत्र सुरू झालं की तिसऱ्या-चौथ्या तासाला एक काम ठरलेलं असतं. फळ्यावर काही ओळी लिहायच्या, गावाचं नाव गाळायचं, आणि पोरांना सांगायचं, चार ओळींची बातमी करा, मथळ्यासकट, वीस मिनिटं.

ओळी अशा: एक दलित कुटुंब, माणसं पाच. पाच एकर शेती. शेतातून रस्ता नेण्यावरून गावातल्या काही जणांशी जुनी कटकट. घरातल्या बाईनं एका मारहाणीच्या प्रकरणात पोलिसांना जबाब दिलेला. तिनं ज्यांची नावं घेतली ते अटक होतात, त्याच दिवशी जामिनावर सुटतात. त्याच संध्याकाळी जमाव घरावर येतो. बाई, तिची मुलगी आणि दोन मुलगे मारले जातात. नवरा लपल्यामुळे वाचतो. मृतदेह कालव्याच्या पाण्यात सापडतात.

तीस-पस्तीस कागद जमा होतात. त्यातल्या वीस-बावीस कागदांवर मथळा जवळपास एकच असतो: ‘जमिनीच्या वादातून चौघांची हत्या’. दोन-तीन जण ‘पूर्ववैमनस्यातून’ लिहितात. ‘दलित’ हा शब्द मथळ्यात असलेले कागद एका हाताच्या बोटांवर मोजावेत. बहुतेकांकडे तो तिसऱ्या ओळीत येतो, काहींकडे येतच नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘सर, जातीचा उल्लेख टाळायचा असतो ना?’

पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही. लहानपणापासून पेपरात जे वाचलं तेच त्यांच्या हातातून उतरतं. मराठी गुन्हेवार्तेत ‘तून’ हा प्रत्यय फार कामाचा आहे. वादातून, संशयातून, रागातून, प्रेमप्रकरणातून, पूर्ववैमनस्यातून. एका शब्दात कारण सांगून होतं, जागा वाचते, मथळा दोन डेक्यांत, म्हणजे दोन ओळींत, बसतो. शिवाय त्या खुनाला करणारा हात लागत नाही. वाद होता, वादातून खून निघाला, दुधातून लोणी निघावं तसा. वाद म्हटला की दोन बाजू आल्या, आणि दोन बाजू आल्या की थोडी चूक इकडची, थोडी तिकडची. मारला गेलेला माणूसही त्या वादात निम्म्याचा भागीदार ठरतो.

फळ्यावरचं गाव खैरलांजी. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. तारीख २९ सप्टेंबर २००६. ही नावं मी कागद गोळा केल्यावरच सांगतो. आजकाल वर्गातल्या निम्म्या पोरांना ती माहीतही नसतात, कारण त्या वर्षी ती दोन-तीन वर्षांची होती किंवा जन्मलीच नव्हती.

आता प्रकरण नीट सांगतो.

भोतमांगे कुटुंब बौद्ध, पूर्वाश्रमीचं महार. भैयालाल आणि सुरेखा ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या गावात राहायला आले. गावात वस्ती मुख्यतः कुणबी आणि कलार समाजाची, बौद्धांची घरं दोन-तीनच. जमीन नात्यातून आलेली आणि कष्टानं राखलेली. सतरा-अठरा वर्षं गावात काढूनही घर कुडाचंच राहिलं होतं. पण मुलं शिकत होती. मुलगी बारावीत होती. एका मुलाला दिसायला कमी होतं. सुरेखा ही बाई कोणापुढे वाकून चालणारी नव्हती. शेतातून रस्ता हवा म्हणणाऱ्यांना ती नाही म्हणायची आणि वेळ आली तर पोलीस ठाण्याची पायरी चढायची. गावाला ही गोष्ट सलत होती, असं नंतरच्या प्रत्येक चौकशीत कुणी ना कुणी बोललंच.

शेजारच्या धुसाळा गावचे पोलीस पाटील सुरेखा यांचे नातेवाईक. भोतमांग्यांना त्यांचा आधार होता. ३ सप्टेंबरला त्यांना खैरलांजीतल्या काही जणांनी मारहाण केली. सुरेखा आणि मुलीनं पाहिलेलं सांगितलं, नावं घेतली. ते प्रकरण साध्या कलमांखाली नोंदलं गेलं. २९ सप्टेंबरला आरोपींना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला. सुटलेली मंडळी आधी पोलीस पाटलाच्या शोधात फिरली. तो सापडला नाही. मग मोर्चा भोतमांग्यांच्या घराकडे वळला.

त्या संध्याकाळी काय झालं याचे तपशील मी वर्गात सांगत नाही, इथंही सांगणार नाही. चार माणसांना गावात, गावासमोर मारण्यात आलं. एवढ्या लोकांनी पाहिलं, पण पोलिसांना वेळेत बोलावणारं कुणी निघालं नाही. भैयालाल लांबून पाहत होते, मग जीव घेऊन पळाले. दुसऱ्या दिवशी मुलीचा मृतदेह सापडला, बाकीचे त्यानंतर. आंधळगाव पोलीस ठाण्याची हद्द. पहिलं शवविच्छेदन उरकून टाकल्यासारखं झालं. लैंगिक अत्याचार झाला का, हे तपासण्यासाठी जे करायला हवं होतं ते त्यात झालं नाही. बोंब झाल्यावर पुरलेले मृतदेह पुन्हा उकरून दुसऱ्यांदा शवविच्छेदन करण्यात आलं. पाण्यात आणि मातीत दिवस काढलेल्या देहांकडून त्या वेळी काय पुरावा मिळणार होता?

आता तारखांकडे बघा. २००६ हे धर्मांतराचं सुवर्णमहोत्सवी वर्ष. २ ऑक्टोबरला दसरा होता. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंनी माणसं आली होती, पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर पिशव्या घेऊन, पुस्तकांच्या स्टॉलपुढे रांगा लावून. तिथून दोन-तीन तासांच्या अंतरावर, तीन दिवसांपूर्वी, एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं मारली गेली होती, आणि त्या गर्दीतल्या बहुतेकांच्या कानावर ती बातमी नव्हती. सगळे पेपर सुवर्णमहोत्सवाच्या पुरवण्या काढत होते. खैरलांजीची बातमी कुठे आतल्या पानावर चार ओळींत आली, कुठे तेवढीही नाही. जी आली तिच्यात एक कारणही होतं. पुढे महिनाभर ते कारण बातमीला चिकटून राहिलं: ‘अनैतिक संबंधातून’.

म्हणजे सुरेखा आणि ते पोलीस पाटील. नात्यातला पुरुष एका दलित बाईच्या बाजूनं उभा राहतो, तर दुसरं काय असणार! गावात ही कुजबुज होती, पोलीस ठाण्यात पोचली, ठाण्यातून बातमीदाराच्या वहीत उतरली. चार मेलेल्या माणसांपैकी एकीच्या चारित्र्यावरचा शिंतोडा हा चौघांच्या मृत्यूचा खुलासा झाला. मुलांच्या हत्येचा त्याच्याशी काय संबंध, हा प्रश्न उपसंपादकाला पडायला हवा होता. पडला नाही, कारण ‘तून’ लागला की प्रश्न मिटतो.

मी हे कुणाकडे बोट दाखवत लिहीत नाही. त्या वर्षी मीही डेस्कवरच होतो, विदर्भाबाहेरच्या एका दैनिकात, डाक आवृत्तीला. आणि मला खरं सांगायचं तर ऑक्टोबर २००६ मध्ये खैरलांजीची बातमी हातातून गेल्याचं आठवत नाही. आली असेल. एजन्सीच्या गठ्ठ्यात, ‘जागा असल्यास’ अशा खुणेनं. मी ती कापली असेल किंवा खिळ्याला लावली, म्हणजे बाजूला टाकली असेल. डेंग्यू आणि चिकनगुनियाच्या बातम्यांचा तो हंगाम होता, तेवढं आठवतं. खैरलांजी आठवत नाही, आणि या न आठवण्यावरूनच हा लेख सुरू झाला.

तालुक्याची बातमी कशी बनते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगतो. तालुका वार्ताहर हा बहुतेकदा पगारी माणूस नसतो. मानधन नावापुरतं. त्याची खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर, म्हणजे वाढदिवस, निवड-नियुक्ती, दिवाळी शुभेच्छा यांवर. या जाहिराती देतो कोण? सरपंच, बाजार समितीचा संचालक, पतसंस्थेचा अध्यक्ष, जिल्हा परिषदेचा सदस्य. गावात ज्यांचा वरचष्मा तेच जाहिरातदार. गुन्ह्याची बातमी आली की वार्ताहर ठाण्याला फोन लावतो, ठाणेदार किंवा हवालदार सांगेल ते लिहून घेतो. पीडिताच्या घरी जायला दुचाकीला पेट्रोल लागतं आणि त्याची परतफेड कुठूनच होत नाही. अशा रीतीनं ठाण्याची भाषा हीच बातमीची भाषा होते. यात कुणाचा कट नसतो. पण दहा वेगवेगळ्या पेपरांत एकच शब्द का छापून येतो, याचं उत्तर इथं मिळतं.

आणि वरच्या मजल्यावर कोण बसतं? त्याच २००६ साली सीएसडीएस या दिल्लीतल्या समाजशास्त्रीय संशोधन संस्थेशी संबंधित अभ्यासकांनी दिल्लीतल्या ३७ हिंदी-इंग्रजी वृत्तपत्रं आणि वाहिन्यांमधल्या ३१५ निर्णयकर्त्यांची पाहणी केली होती. त्यात एकही दलित नव्हता, एकही आदिवासी नव्हता. ७१ टक्के जागा हिंदू उच्चवर्णीय पुरुषांकडे होत्या. मराठीची पाहणी ही नव्हे. पण मी ज्या तीन डेस्कांवर काम केलं तिथं माझ्या डोळ्यांनी जे पाहिलं ते फार वेगळं नव्हतं. पुढचं सांगायला नको, १९२० साली ‘मूकनायक’ निघणार असल्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’नं छापली नव्हती, हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला माहीत असतं.

ऑक्टोबरभर बातमी जिवंत ठेवली ती कार्यकर्त्यांनी. सत्यशोधन पथकं गावात गेली, अहवाल निघाले, मृतदेहांचे फोटो छापलेली पत्रकं वस्त्यावस्त्यांत फिरली. ते फोटो असे फिरावेत का, हा प्रश्न मला आजही छळतो. पण पेपरांनी चार ओळींपुढे काही न छापल्यावर लोकांनी फोटो वाटले, हा क्रम विसरता येत नाही. महिना उलटत आल्यावर एका मोठ्या इंग्रजी दैनिकानं सविस्तर वार्तांकन केलं आणि मग बाकीच्यांना जाग आली. मराठी मुलखातलं प्रकरण मराठी पेपरांना इंग्रजीतून कळलं.

नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर आले. भंडारा, नागपूर, अमरावती, यवतमाळ. पुढे बायका, मागे पोरं. या मोर्चांचं वैशिष्ट्य असं की ते कुठल्या रिपब्लिकन गटाच्या हाकेनं निघालेले नव्हते. नेते नंतर धापा टाकत पोचले, काहींना तर लोकांनी व्यासपीठावर उभंही राहू दिलं नाही. ज्यांच्या नावानं निळे झेंडे फडकतात ते सगळे गट तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या युतीत, कुणाच्या ना कुणाच्या आश्रयाला होते. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार, मुख्यमंत्री विलासराव देशमुख, गृहमंत्री आर. आर. ऊर्फ आबा पाटील. आबांची प्रतिमा साध्या, गावाकडच्या माणसाची, आणि ती खोटी नव्हती. तरीही मोर्चे वाढल्यावर या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची शंका त्यांच्याकडूनच व्यक्त झाली. मथळे बदलले. महिनाभर ‘संबंधातून’ झालेली घटना आता ‘नक्षली’ कोनातून दिसू लागली. अमरावतीत पोलीस गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. खैरलांजीच्या मृतांची संख्या आपण चार सांगतो, त्यात तो धरला जात नाही.

मग आला ३० नोव्हेंबर. आदल्या एक-दोन दिवसांत कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली होती. आधीच तापलेल्या महाराष्ट्रात त्याचा भडका उडाला. उल्हासनगरला डेक्कन क्वीन जाळण्यात आली.

ती रात्र मला मिनिटामिनिटानं आठवते. पहिल्या पानाचा मुख्य मजकूर काढून टाकला, जळत्या डब्यांचा फोटो पाच कॉलमी लावला, संपादक स्वतः पेजमेकरच्या मागे उभे. चहाचे कप कॉम्प्युटरवर. ‘राणी जळाली’ की ‘डेक्कन क्वीनची राख’ यावर पंधरा मिनिटं चर्चा. आतल्या पानावर गाडीचा इतिहास, १९३० साली ती कशी सुरू झाली, पासधारकांच्या आठवणी, त्या गाडीतल्या ऑम्लेटवर एक हळवी चौकट. ती चौकट मी लिहिली होती. चांगली जमली म्हणून शाबासकीही मिळाली. त्या गाडीवर पुण्या-मुंबईच्या माणसाचा जीव आहे हे मान्य, आणि गाडी जाळणं गुन्हाच होता. पण त्या अंकात डेक्कन क्वीनला चरित्र होतं, वय होतं, आठवणी होत्या. सुरेखा भोतमांगेला आमच्या पेपरात तोवर यातलं काहीच मिळालं नव्हतं. ती कोण होती, काय पिकवायची, मुलीला किती शिकवणार होती, हे आम्ही कुणालाही विचारायला पाठवलं नव्हतं.

तपास सीबीआयकडे गेला. सुरुवातीला चाळीसहून अधिक माणसं पकडली होती, दोषारोपपत्र ११ जणांवर दाखल झालं. काही पोलीस निलंबित झाले. खटला भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयात चालला, सरकारतर्फे उज्ज्वल निकम. सप्टेंबर २००८ मध्ये निकाल लागला: आठ दोषी, तिघे निर्दोष. आठांपैकी सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. टीव्हीवर फटाके दिसले. बातमी ‘फाशी’ या एका शब्दात मावली आणि निकालात जे नव्हतं त्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. अट्रॉसिटी कायद्याची कलमं सिद्ध झाली नव्हती. विनयभंगाचं कलमही नाही. शिक्षा झाली ती खून, बेकायदा जमाव आणि पुरावा नष्ट करणं यासाठी. म्हणजे चार माणसं मारली गेली हे खरं, पण ती कोण होती याचा मारण्याशी संबंध नाही.

१४ जुलै २०१० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्तमजुरी दिली. हत्येमागे जात नसून सूड आहे, मारहाणीच्या प्रकरणात आपल्याला गोवलं या रागापोटी हे झालं, अशी न्यायालयाची मांडणी. फाशी गेल्याचं मला दुःख नाही. फाशीनं काही सुटतं असं मी मानत नाही. मला अडतं ते ‘सूड’ या शब्दापाशी. बातमीतला ‘वाद’ निकालपत्रात ‘सूड’ झाला, एवढंच.

न्यायालयाला सरसकट दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण त्यातून काही कळत नाही. न्यायाधीशासमोर येतं ते कागदावर. पहिलं शवविच्छेदन फसलेलं, पहिल्या दिवसाचा पंचनामा तोकडा, जातीवाचक काय बोललं गेलं हे सांगणारे साक्षीदार कमजोर. आणि तेव्हाचा कायदा काय म्हणत होता? १९८९ च्या अट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२)(५) मध्ये, ती व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला असला पाहिजे, अशी अट होती. कारण सिद्ध करायचं म्हणजे मारणाऱ्याच्या मनात शिरायचं. आरोपीचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, जमिनीवरून भांडण होतं की नव्हतं? होतं. मारहाणीची केस होती की नव्हती? होती. मग जात कुठून आली?

या प्रश्नाचं उत्तर खेड्यात वाढलेल्या कुणालाही देता येईल. बांधावरून भांडण कुठल्या गावात नाही? सख्खे भाऊ कोर्टात जातात, कुऱ्हाडी निघतात. पण एका बांधासाठी संध्याकाळच्या वेळी जमाव जमून एखाद्या कुणब्याच्या घरातली बाई, मुलगी आणि दोन मुलगे अशी माणसं सगळ्या गावादेखत संपवली गेली आणि गाव गप्प बसलं, असं होतं का? जमीन हे निमित्त असू शकतं. एवढ्या जणांना एका घराविरुद्ध उठवायचं आणि बाकीच्यांनी दारं लावून घ्यायची, एवढं बळ नुसत्या जमिनीत नाही.

पुढे संसदेनं ही अट बदलली. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. ‘या कारणावरून’ जाऊन तिथं ‘हे माहीत असताना’ आलं. पीडिताची जात आरोपीला ठाऊक होती, एवढं पुरे. खैरलांजीत ती कुणाला ठाऊक नव्हती? दुरुस्ती मागच्या तारखेनं लागू होत नाही, त्यामुळे भोतमांग्यांना तिचा उपयोग नव्हता. पण भाषेचा फरक काय असतो हे पोरांना दाखवायचं झालं की मी हे दोन वाक्प्रयोग शेजारी शेजारी लिहितो.

या प्रकरणात एक गाठ आहे, ती दोन्ही बाजूंचे लोक टाळतात. तपासातले, शवविच्छेदनातले काही अधिकारी स्वतः दलित समाजातले होते. आणि आरोपी कुणी ब्राह्मण-मराठा जमीनदार नव्हते, इतर मागासवर्गीयांतले साधे शेतकरी होते. पहिल्या गोष्टीवरून एक बाजू म्हणते, बघा, मग जात कुठे आली? दुसऱ्या गोष्टीवरून ‘बहुजन’ राजकारण करणाऱ्यांची जीभ जड होते. व्यासपीठावर दलित-ओबीसी भाऊभाऊ, गावात पाणवठ्यापाशी दुसरंच. माझं मत विचाराल तर खुर्चीला स्वतःची जात असते. ठाणेदाराच्या खुर्चीत कुणीही बसला तरी त्याला वरून फोन कुणाचा येतो आणि बदली कोण करतं हे पक्कं माहीत असतं. बाकी ‘बहुजन एकी’बद्दल म्हणाल तर, खैरलांजीवर नीट बोलल्याशिवाय ती एकी म्हणजे निवडणुकीपुरती सोयरीक आहे.

वर्गात कुणीतरी विचारतंच, ‘सर, हे जुनं झालं, आता बदललंय ना?’ तेव्हा मी नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात जातो. २८ एप्रिल २०१४, जामखेड तालुक्यातलं खर्डा. सतरा वर्षांचा दलित मुलगा, वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून दिवसाढवळ्या मारून झाडाला टांगला गेला. बातमी: ‘प्रेमप्रकरणातून’. साक्षीदार एकामागून एक फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयात सगळे आरोपी सुटले. त्याच महिन्यात, त्याच न्यायालयात कोपर्डीतल्या शाळकरी मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्याचा निकाल लागला आणि तिघांना फाशीची शिक्षा झाली. कोपर्डीतलं क्रौर्य कुठल्याही मापानं कमी नव्हतं, त्या लेकराला न्याय मिळायलाच हवा होता. तिच्यासाठी मराठा समाजाचे लाखोंचे मोर्चे निघाले, सरकार हललं, खटला दीड वर्षाच्या आत संपला. मात्र त्याच मोर्चांत अट्रॉसिटी कायदा बदला ही मागणीही होती. खर्ड्याच्या मुलासाठी साक्षीदार टिकवायलाही कुणी हललं नाही. दोन गावांत अंतर किती? एसटीनं दुपारच्या आत पोचाल.

राहिलं खैरलांजी. सरकारनं २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. गावातले वाद गावातच मिटवा, ठाण्यात जाऊ नका, बक्षीस घ्या. २०१० साली खैरलांजी तंटामुक्त गाव म्हणून गौरवलं गेलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. पण नियमात बसणारीच गोष्ट होती. ठाण्यात जाणारी बाई आता तिथं राहत नव्हती.

भैयालाल यांना सरकारनं मदत दिली, भंडाऱ्यात वसतिगृहावर चतुर्थ श्रेणीची नोकरी दिली, सोबत पोलीस बंदोबस्त दिला. शेत तिकडंच राहिलं. अट्रॉसिटीची कलमं लागावीत म्हणून त्यांचा झगडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले.

गेल्या वर्षीच्या तुकडीत मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी होती. वर्गात कधी तोंड उघडायची नाही. तिच्या कागदावर मथळा होता, ‘जामिनावर सुटलेल्यांकडून साक्षीदार दलित महिलेसह चौघांचा खून’. लांब होता, दोन डेक्यांत बसला नसता. खाली चार ओळी, सरळ, एकापुढे एक घटना. कारण कुठेच नाही. मी सवयीनं विचारलं, ‘खुनाचं कारण राहिलं की गं?’

ती म्हणाली, ‘सर, फळ्यावर कारण लिहिलेलंच नव्हतं. शेताची कटकट होती असं होतं. त्यामुळेच मारलं असं कुठं होतं?’

मी वळून फळ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्याच ओळी लिहीत आलो होतो. तिचं बरोबर होतं.